आकाशपाळण्यात वर कोण होतं?

वैजयंता साळुंखेने थोरल्या बहिणीला 'तू पुण्याला येऊ नकोस' असं फोनवर तीनदा बजावलं होतं. तेव्हाच खरं तर तिला कळायला हवं होतं, की रत्नमालाआक्का येणार. कराडहून निघून वैजयंता पुण्याच्या लेखक-मेळाव्याच्या दाराशी पोचली, तर आक्का आधीच बाकावर ठाण मांडून बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि शेजारी बसलेल्या एका अनोळखी कवीच्या हातात त्यातली एक दशमी.

"आलीस व्हय? बस, दम खा," आक्का म्हणाली. "ह्यास्नी आपल्या पाळण्याची गोष्ट सांगत हुते. मी वर कशी अडाकले ती."

"आक्का, वर मी होते."

"झालं हिचं सुरू!"

कवी दशमी चावता चावता एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला. वैजयंता साठ वर्षांची होती आणि आक्का त्रेसष्टची. हे भांडण त्रेपन्न वर्षं जुनं होतं आणि लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, एवढंच काय पण सख्ख्या मामाचं तेरावं, कशातही त्याला खंड पडला नव्हता.

"आज काय तो निकाल लागेल," वैजयंता म्हणाली. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे राग आला की ती प्रमाण भाषेत बोलत असे. "आत टोपी आहे. टोपी खोटं बोलत नाही."

"मग लागू दे की. त्येच्यासाठीच तर आलीया मी."

पुस्तकाची कल्पना घेऊन माणसाने जातीने संपादकापुढे उभं राहायचं, ही पद्धत आपल्याकडे पूर्वी फारशी नव्हती. हस्तलिखित टपालाने पाठवायचं आणि वर्षभर पोस्टमनची वाट बघायची, असा सगळा निवांत कारभार. पण यंत्रं लिहायला लागली आणि निवांतपणा संपला. एका प्रकाशकाकडे एका आठवड्यात चाळीस हजार हस्तलिखितं आली. त्याने वैतागून 'कृपया यापुढे काहीही पाठवू नये' अशी सूचना लावली, तर संध्याकाळपर्यंत त्या सूचनेवर आधारलेल्या नऊ कादंबऱ्या येऊन पडल्या. तेव्हा सगळ्या प्रकाशकांनी मिळून टपालाची दारं बंद केली आणि दर जानेवारीत पुण्यात तीन दिवसांचा समक्ष मेळावा सुरू केला. ज्याला पुस्तक करायचं त्याने स्वतः यायचं. समोर एक संपादक, एक एजंट. नऊ मिनिटं. हातात कागद नाही, कानात काही नाही, आपलं तोंड आणि आपली गोष्ट.

दोन वर्षं बरं चाललं. मग लोक यंत्राने रचलेली गोष्ट घोकून पाठ करून यायला लागले. म्हणून मग टोपी आली.

तिचं खरं नाव उगमदर्शक. मुळात ती विस्मरणाच्या रुग्णांसाठी बनवली होती. त्यामागचं विज्ञान वैजयंताने निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी नववीच्या वर्गाला शिकवलं होतं, आणि ते तिला फार आवडायचं. आपण स्वतः भोगलेलं आठवतो, तेव्हा मेंदू ते नुसतं आठवत नाही, थोडंसं पुन्हा जगतो. वास, उजेड, अंगाचा तोल सांभाळणारे भाग आधी जागे होतात आणि शब्द त्यांच्या मागून येतात. ऐकलेलं किंवा वाचलेलं सांगताना नेमकं उलटं घडतं. आधी शब्दांचा भाग हलतो आणि चित्रं सेकंदाच्या काही शतांशाने उशिरा पोचतात. आणि माणूस मनाने नवं रचत असेल, तर कपाळामागचा भाग घाम गाळत असतो. टोपी हा क्रम टिपते आणि टेबलावरचा दिवा लावते. भोगलेल्याला हिरवा, रचलेल्याला पिवळा, ऐकीव-वाचीवाला निळा. सांगणाऱ्याचा स्वतःवर कितीही विश्वास असो, क्रम बदलत नाही. टोपी खरं-खोटं सांगत नाही. गोष्ट माणसात कुठल्या दाराने शिरली तेवढंच ती सांगते.

संपादकांना हिरवा चालतो, पिवळाही चालतो. उसना माल तेवढा नको. नऊ मिनिटांतली तीन मिनिटं निळा जळला, की घंटा वाजते आणि वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

टोपी मग मेळाव्यापुरती राहिली नाही. मुलगी बघायच्या कार्यक्रमात एका बाजूने 'टोपी घालून बोलू' म्हटलं की दुसऱ्या बाजूला अचानक मुहूर्त अडचणीचा वाटायला लागे. शिकारीच्या आणि हिमालयाच्या गोष्टी सांगणारे कितीतरी काका जेवणाच्या पंगतीत मुके झाले. वैजयंताच्या नवऱ्याने तर 'घरात ती वस्तू येणार नाही' असं जाहीरच करून टाकलं होतं आणि कारण विचारल्यावर विषय बदलला होता.

तर आता पाळण्याची गोष्ट.

दोघींचे वडील, म्हणजे आबा, ज्ञानू नलवडे हे पाळणेवाले. सातारा-सांगली भागातल्या जत्रांतून ते आकाशपाळणा लावायचे. चाळीस फुटी चाक, बसायच्या बारा डोल्या, आणि चाक फिरवायला धूर ओकणारं डिझेलचं इंजिन. रिकामा पाळणा फिरताना दिसला तर गिऱ्हाईक येत नाही, म्हणून पहिलं गिऱ्हाईक चढायच्या आधी घरचंच कुणीतरी डोलीत बसवून दोन-चार फेऱ्या मारायच्या, हा धंद्याचा रिवाज. ते काम पोरींचं. १९९३ साली बोरजाईच्या जत्रेत, भर दुपारी, इंजिनाचा पट्टा तुटला आणि चाक जागच्या जागी अडकलं. सगळ्यात वरच्या डोलीत एक पोरगी. दीड तास ती वर. आणि त्याच वेळी जनावरांच्या प्रदर्शनातला एक वळू दावं तोडून सुटला. खाली गर्दीत कुणाला काही दिसेना, पळायचं कुठे कळेना. वरून त्या पोरीला सगळं दिसत होतं. तिने वरून आरोळ्या ठोकल्या. बांगडीवाल्यांनो, मागे सरा! भेळवाल्या, गाडा आडवा लाव! शाळेचं फाटक उघडा! अख्खी जत्रा त्या आवाजाबरहुकूम हलली, वळू शाळेच्या आवारात शिरला, फाटक बंद झालं, आणि कुणाला ओरखडा आला नाही.

ती पोरगी म्हणजे सात वर्षांची वैजयंता. किंवा दहा वर्षांची आक्का. दोघींनाही वरचा वारा आठवत होता, खालची चिमुकली माणसं आठवत होती, घसा बसला तेही आठवत होतं. आबा जाऊन वीस वर्षं झाली होती. आई जाऊनही बारा. आई होती तोवर तिला विचारलं, की ती म्हणायची, "दोघीबी माझ्याच की गं," आणि कामाला लागायची.

एकत्र वाढलेली भावंडं एकच आठवण आपापली म्हणून सांगतात, हे मानसशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. वैजयंताने ते वाचलं होतं आणि हिशेब सरळ मांडला होता. एकीची आठवण हिरवी निघणार, दुसरीची निळी. तिसरी शक्यता नाही. आणि आपली हिरवी निघणार यात तिला तिळमात्र शंका नव्हती, कारण याच दीड तासावर तिचं पुस्तक उभं होतं. पाळण्याच्या टोकावरून दिसलेली जत्रा आणि त्या जत्रेतून दिसलेलं सगळं आयुष्य. निवृत्तीनंतरची दोन वर्षं तिने त्याचाच ध्यास घेतला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली, आता एक आपलं हवं होतं. एवढंच, पण ते तिला फार हवं होतं.

"वैजे," आक्का हळूच म्हणाली, "त्या तितं कोपऱ्यात सरावाची टोपी हाय. एकदा घालून बघ की. मग आत जा."

"मला गरज नाही."

"न्हाई म्हंजे, निळाबिळा निघाला तर तुझं पुस्तक..."

"आक्का, तू माझ्या बाजूने आहेस का विरुद्ध?"

आक्काने जरा विचार केला. "दोन्हीकडनं," ती म्हणाली.

साठी गाठलेल्या माणसाला एक सोबती नेता येतो, असा मेळाव्याचा नियम होता. त्यामुळे नंबर पुकारला गेला तेव्हा आक्का पिशवीसकट आत शिरली आणि मागच्या खुर्चीत बसली.

खोली लहान होती. टेबलापलीकडे संपादक केतकी वर्तक, पंचेचाळिशीची, बारीक केस कापलेली, सकाळपासून सतरा गोष्टी ऐकून कंटाळा चेहऱ्यावर येऊ न देण्याची शिकस्त करणारी. तिच्या शेजारी एजंट मोईन बागवान. तो मात्र कंटाळणाऱ्यांतला दिसत नव्हता. आक्काच्या पिशवीतून येणारा चटणीचा वास त्याला आल्याचं त्याच्या नाकावरून कळत होतं.

"नमस्कार मॅडम. आरामात सांगा," मोईन म्हणाला. "दिव्याकडे बघू नका. बघितलं की माणूस बिचकतो."

वैजयंताने टोपी घातली. ती थंडगार आणि हलकी होती, पोहण्याच्या टोपीसारखी. घड्याळ सुरू झालं.

तिने सुरुवात छान केली. डिझेलचा वास, पहाटे चाक उभं करताना आबांनी घातलेली 'हां, घ्या, हां' अशी साद, ट्रकच्या टपावर बसून केलेले प्रवास, नटबोल्ट मोजून पोत्यात भरण्याचं तिचं काम, एक बोल्ट कमी भरला म्हणून सगळ्यांनी अर्ध्या मैदानाची माती चाळली ती गोष्ट. दिवा हिरवागार. केतकी वर्तक पुढे झुकली. मोईनने हनुवटी तळव्यावर टेकवली. वर्गात मुलं अशी झुकली की तास रंगला हे वैजयंताला पाठीमागे फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. तिला आनंदाचं भरतं आलं.

"आणि त्या दुपारी," ती म्हणाली, "मी सगळ्यात वरच्या डोलीत होते. पट्टा तुटला. चाक थांबलं. आणि खाली सगळी जत्रा मला मुठीत मावेल एवढी दिसत होती..."

बघू नये ते तिने बघितलं. दिवा निळा होता.

क्षणभर तिला वाटलं, दिवा बिघडला. ती बोलत राहिली. वळू, बांगडीवाले, भेळेचा गाडा. निळा. वारा, घसा, शाळेचं फाटक. निळाच निळा, त्यात हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. तिचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. पुस्तक गेलं हे तर दिसतच होतं, पण त्याहून वाईट काहीतरी चाललं होतं. सात वर्षांची ती शूर पोरगी, जिच्या जोरावर वैजयंताने पुढे शिक्षण घेतलं, आबांशी वाद घालून कराडला नोकरी धरली, मुख्याध्यापकांना तोंडावर चूक दाखवली, ती पोरगी वैजयंता नव्हतीच म्हणे.

"घड्याळ थांबवते," केतकी हलक्या आवाजात म्हणाली. "पाणी घ्या."

मागे खुर्ची करकरली.

"बघा!" आक्का उभी राहिली होती. "त्रेपन्न वर्सं कंठशोष करतीया मी. वर मी हुते! वैजे, रडू नगंस, पुस्तक तूच लिही, पर..." आणि धाकटीचं तोंड बघून आक्काचा आवाज अर्ध्यावरच मऊ झाला. "मी सांगते ह्यास्नी. माझं हिरवं हाय न्हवं, मग तुझं पुस्तक वाचंल. द्या ती टोपी हिकडं."

केतकीने मोईनकडे पाहिलं. मोईन म्हणाला, "सोबत्याला टोपी घालू नये असं नियमात कुठे लिहिलंय? घड्याळ बंदच आहे."

आक्काने टोपी घातली, मागच्याच खुर्चीत पाय वर घेऊन मांडी घातली आणि लग्नाच्या मांडवात सांगावी तशी दणक्यात गोष्ट सुरू केली. मी वर बसले, पट्टा तुटला, वारं सुटलं. तिला दिव्याकडे बघायची गरजच वाटली नाही. पण समोरच्या तिघांचे चेहरे बघून ती मध्येच थबकली आणि तिने मान वळवली.

निळा.

"आँ?" आक्का म्हणाली.

मग मोईनला हसू आवरेना, आणि त्याने ते खोकल्यात ढकललं. दोन म्हाताऱ्या बहिणी अर्धं शतक ज्या डोलीसाठी भांडल्या, त्या डोलीत दोघींपैकी कुणीच नव्हतं.

"ही तुमची टोपी बाद हाय," आक्का म्हणाली.

"टोपी बाद नाही," वैजयंता सावकाश म्हणाली. तिचे डोळे अजून ओले होते, पण त्यांत आता निराळंच काही आलं होतं. प्रयोग फसला की ती मुलांना सांगायची, उत्तर चुकलं असेल तर आधी प्रश्न तपासा. तिने हिशेब मांडताना तिसरी शक्यता नाही म्हणून टाकलं होतं आणि ती तर समोर निळी जळत होती. "आपण दोघीही वर बसून खाली बघतोय. आक्का, डोळे मीट. आता खाली उभी राहा आणि वर बघ."

"वर काय बघू? वर मीच हाय की."

"तरी बघ. माझं ऐक एकदा."

आक्काने कुरकुरत डोळे मिटले. मान मागे टाकून तिने कपाळावर हाताचा आडोसा धरला.

"ऊन डोळ्यात येतंय," आक्का म्हणाली.

दिवा हिरवा झाला.

"मान दुखाय लागलीया. काळी डोली दिसतीया नुसती, उनाम्होरं. मानूस दिसत न्हाई. पदर लोंबतोय डोलीतनं, जांभळा." तिचा आवाज बदलत चालला होता. "एक चप्पल पडली वरनं. माझ्या खांद्याला लागली. आईची चप्पल हाय. तुझा हात हाय माझ्या हातात, वैजे, चिकाट घामेजल्याला. तू रडतीयास. तुला बसू दिलं न्हाई म्हनून. मलाबी न्हाई."

"का नाही?" वैजयंताने विचारलं, पण विचारता विचारताच तिलाही ते दिसायला लागलं होतं.

"आपुन भांडत हुतो," आक्का म्हणाली. "सकाळधरनं. आज कोन बसायचं म्हनून. तू माझी येणी वढली. आन् आई म्हनली, लई झालं तुमचं, दोघीबी बसू नगा, मीच बसते."

दिवा एवढा हिरवा कुणी पाहिला नव्हता.

आई! उंबऱ्याबाहेर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, चारचौघांत आबांशी खालच्या आवाजात बोलणारी, अठ्ठावीस वर्षांची आई. ती वर होती, आणि अख्खी जत्रा तिने हाकली होती.

"पण मग सगळे पोरगी होती असं का म्हणत?" केतकीने विचारलं. आपण संपादक आहोत, हे ती साफ विसरली होती.

"उनामुळं कुनाला मानूस दिसलंच न्हाई. आन् डोली खाली आली तवा समदी शाळंकडं वळू बघाय पळाल्याली," आक्का म्हणाली. टोपीखालून तिच्या कपाळावर घाम आला होता. "आन् गावच्या पाटलाला वरनं हुकूम सुटला हुता, ओ फेटंवालं, गटारात उतरा! उतरला बिचारा. नवा फेटा, नवं धोतर. मागनं लई तापला. कोन बोललं म्हनून इचारत आला. तवा आबा म्हनलं, पोरगी हुती वर, अजाण हाय, माफी करा. पोरीला माफी झाली. बाईला कुठली व्हायला?" ती दिव्याकडे बघत राहिली. तो हिरवाच होता. "हे मला ठावं हुतं वैजे. आबा असं म्हनलेलं मी सोताच्या कानानं ऐकलं हुतं. आन् तरीबी मी मला मीच वर बसवलं."

"तू नाही बसवलंस," वैजयंता म्हणाली. "आईने बसवलं. मला झोपवताना ती रोज ही गोष्ट सांगायची. माझ्या कपाळावरून हात फिरवायची आणि विचारायची, मग वरनं माझी वैजा काय म्हनली? आणि मी सांगायचे, शाळंचं फाटक उघडा."

आक्काने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला येणी घालताना सांगायची," ती म्हणाली. "मग वरनं माझी रत्ना काय म्हनली?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दुपारी एकाच जागेसाठी भांडल्या म्हणून दोघींनाही बसू दिलं नाही, याची चुटपुट आईला लागून राहिली असणार. म्हणून तिने आपली जागा दोघींना देऊन टाकली. एकीला झोपताना, एकीला वेणी घालताना. आयुष्यात तिने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तिने पोरींच्या नावावर केली आणि पुढे दोघींची भांडणं ऐकत भाकऱ्या थापत राहिली. वैजयंताला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं. शूर पोरगी आपल्यातून गेली याचं मघाचं दुःख आता राहिलं नव्हतं. आपण जिच्या जोरावर इथवर आलो ती दुसरीतिसरी कुणी नाही, आईच होती, आणि त्या आईला आपण आज पहिल्यांदा भेटतो आहोत, असं तिला वाटलं.

केतकीने घसा साफ केला. "मॅडम, मला नियम सांगावाच लागेल. तुमची पाच मिनिटं शिल्लक आहेत. निळ्याचं एक मिनिट खर्च झालंय. पण तुमच्या पुस्तकाचा गाभा..." ती अडखळली. "तो आता तुमचा अनुभव नाही. ऐकीव आहे. तुम्ही तोच पुन्हा सांगितलात तर घंटा वाजेल, आणि ती माझ्या हातात नाही."

"ठाऊक आहे," वैजयंता म्हणाली. "घड्याळ चालू करा."

"वैजे, जपून," मागून आक्का.

वैजयंताने टोपी घातली. ती काय सांगणार हे तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या डोलीत ती स्वतः बसत आली होती; आता तिथून उठून आईला जागा द्यायची होती.

"तिचं नाव अनसूया," तिने सुरुवात केली. "ती अठ्ठावीस वर्षांची आहे आणि पोरींवर चिडून डोलीत बसली आहे." दिवा निळसर लुकलुकला. वैजयंता थांबली नाही. "याआधी ती या पाळण्यात कधीच बसलेली नाही. दहा वर्षं तिने त्याचे नटबोल्ट पुसले, त्याच्या सावलीत चूल मांडली, पण मालकाच्या बायकोने वर बसायचं नसतं. चाक वर जातं. पहिल्यांदा तिला तिची चूल वरून दिसते. एवढीशी. आपण रोज जिथं वाकून बसतो ती जागा एवढी लहान आहे, याचं तिला नवल वाटतं..."

दिवा पिवळा झाला. लख्ख पिवळा, भंडाऱ्यासारखा.

मग वैजयंता सुटलीच. पट्टा तुटल्यावर अनसूयेला आधी भीती कशी वाटली, मग खाली सगळेच घाबरलेले बघून तिची भीती कशी गेली, ओरडायला तोंड उघडलं आणि आपल्याला एवढा मोठा आवाज आहे हे तिला कसं कळलं, पाटील गटारात उतरला तेव्हा तिने पदराआड किती हसून घेतलं. ऐकलेले प्रसंग तेच होते, पण त्यांच्यात आता एक बाई वावरत होती जिला याआधी कुणीच पाहिलं नव्हतं. मध्येच एखादा धागा निळा लुकलुके आणि पुन्हा पिवळ्यात बुडून जाई. घड्याळाची नऊ मिनिटं संपली, बाहेरच्या माणसाने दारावर टकटक केली, आणि मोईनने खुर्चीतूनच पाय लांब करून दार लावून टाकलं.

ती थांबली तेव्हा केतकी वर्तकने समोरचा अर्ज ओढून घेतला. पहिल्याच रकान्यात वैजयंताच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुख्य पात्र : मी'. केतकीने ते खोडलं आणि पेन वैजयंतासमोर धरलं.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "आणि दिवाळीपर्यंत मला पहिली पाच प्रकरणं हवीत. उशीर चालणार नाही."

"करार मी बघतो," मोईन म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे गेलात तर मी कराडला येऊन बसेन."

वैजयंताने नाव लिहिलं, अनसूया ज्ञानू नलवडे, आणि मागे बघून विचारलं, "आक्का, तुला चालेल ना?"

"मला काय इचारतीस? तिला चालंल का बघ," आक्का म्हणाली आणि नाक पुसलं. "पर त्या जांभळ्या लुगड्याचं नीट लिही. काठ हिरवा हुता."

"लाल होता."

"हिरवा!"

"थांबा थांबा," मोईनने दोन्ही हात वर केले. "ते नंतर. आधी मला सांगा, त्या खाली कशा आल्या? दीड तासाने?"

टोपी अजून वैजयंताच्या डोक्यावरच होती. तिने डोळे मिटले. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण वर आपणच होतो या समजापायी हे तिला कधी आठवायचं कारणच पडलं नव्हतं.

"आबांनी पट्टा सांधला," ती म्हणाली. "डोली खाली आली. माझ्या डोक्यावरून, अगदी जवळून. आबांनी हात पुढं केला आणि म्हणाले, उतर."

दिवा हिरवा होत गेला.

"आन् ती उतरलीच न्हाई," आक्का पुढे झुकून म्हणाली.

"नाही उतरली. पदर कमरेला खोचला, दांडी घट्ट धरली, आणि आबांना म्हणाली, आता बसलेच हाय तर आनखी एक फेरी हू द्या."

"मग?" केतकीने विचारलं.

"मग काय," आक्का म्हणाली. "दिली आबांनी."